सेनापतीची नडगी

"जबडा अजून किती उघडू, साहेब?" नत्थूजींनी परांचीवरून विचारलं.

"अजून."

"आता उघडला तं मान मोडल्यावानी दिसन, जी."

"दिसू दे. गर्जना करतोय तो."

गर्जना! साडेसहा कोटी वर्षांपूर्वी मेलेलं जनावर गर्जना करत होतं की खुराड्यातल्या कोंबडीसारखं कुरकुरत होतं, हे कोण सांगणार? घशाचा काही दगड होत नाही. पण चिंतलवार सरांना सगळं ठाऊक असायचं. ते आमच्या भूशास्त्र विभागाचे प्रमुख होते आणि माझं नशीब असं की माझे मार्गदर्शकही तेच. त्यांच्या शेजारी प्रा. कोरान्ने उभे होते. कोरान्ने यांचं विभागात एकच काम, सर जे म्हणतील त्याची री ओढायची. तेवढ्या भांडवलावर ते रीडर झाले होते.

"अगदी बरोबर, सर," कोरान्ने म्हणाले. "ऐकू येते गर्जना."

हे चाललं होतं आमच्या विभागाच्या मागच्या पटांगणात, नागपुरात. वरोऱ्याकडच्या एका माळावर आम्हाला एका मोठ्या मांसाहारी डायनासोरची हाडं सापडली होती. मांडीचं हाड, नडगीचं हाड, खालच्या जबड्याचा तुकडा, मूठभर दात आणि हाताचं एक इवलंसं हाड. एवढ्या ऐवजावर सरांनी त्याचं नाव 'सेनापती' ठेवलं, वर्तमानपत्रात फोटो छापून आणला, छोटं संग्रहालय मंजूर करून घेतलं आणि त्याच्या दारात पंचवीस फुटी पुतळा उभारायला घेतला. उद्घाटनाला पालकमंत्री येणार होते. तारीखही ठरली होती.

नत्थूजी चितारओळीतले मूर्तिकार. सळ्या बांधायच्या, जाळी गुंडाळायची, वर सिमेंट थापायचं, असं त्यांचं काम. मी रोज खालच्या टेबलावर खरी हाडं मांडून त्यांना मापं द्यायची.

"ही नडगी एवढी जाड का?" सरांनी छडीनं पुतळ्याच्या पायाकडे बोट केलं. पुतळ्याचा डावा पाय तेवढा जमिनीवर होता. उजवा हवेत, शेपूट हवेत, धड पुढं झुकलेलं.

"ताईनं माप देलं न, जी."

"सर, हाड तेवढंच जाड आहे," मी म्हणाले. "आणि आखूड आहे."

"चपळ दिसत नाही. लांब करा आणि तासा. घोड्याच्या पायासारखी हवी."

"साहेब, सगळा बोजा ह्याच एका पायावर हाय," नत्थूजी म्हणाले. "दुसरा तरी टेकवू द्या. म्या आजवर बसलेलेच गणपती केले. धावणारा हा पहिलाच."

"सेनापती चालत नाही, नत्थूजी. झेपावतो!"

"अगदी बरोबर, सर," कोरान्ने म्हणाले.

खरं हाड टेबलावर, डोळ्यांसमोर, हात लावून बघता येईल असं पडलेलं. आणि हे दोघे विद्वान माना वर करून घोड्याचा पाय बनवत होते! माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण बोलून सांगणार कोणाला?

माझं म्हणणं साधं होतं, आणि त्यावर माझी चार वर्षं गेली होती. हे जनावर कसं जगलं असेल, हाच माझ्या पीएचडीचा विषय. त्या प्रबंधाचं चौथं प्रकरण सगळ्यांत महत्त्वाचं, आणि ते उभं होतं या एका नडगीवर. नडगीच्या मधोमध, हाडाला चहूबाजूंनी वेढून, एक ओबडधोबड गाठ होती. आमच्या मामाचा हात मोडला तेव्हा वैदूकडून बसवून आणला होता, त्यावर आयुष्यभर एक टेंगूळ राहिलं. तसंच हे. हाड तिथं किंचित वाकडंही होतं. म्हणजे या जनावराचा पाय जिवंतपणी मोडला, वाकडा जुळला, आणि त्यानंतर ते बराच काळ त्याच पायावर चाललं. मोडका पाय घेऊन ते जगलं, मग ते खात काय होतं? पोट कसं भरत होतं? माझा सगळा प्रबंध या प्रश्नाचं उत्तर होता.

त्या दुपारी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. शेजारी कोरान्ने होतेच. माझं चौथं प्रकरण त्यांनी दोन बोटांनी धरलेलं होतं.

"बेटा, हे काय लिहिलंस?" सर मला बेटा म्हणायचे. रागावले की जास्तच. "'संथ चालीचा, पाणवठ्याजवळ दबा धरणारा, प्रसंगी मेलेलंही खाणारा.' सेनापती मढी खातो?"

"खात असेल, सर. वाघही खातो."

"अगदी बरो..." सवयीनं कोरान्ने यांच्या तोंडून निघालं, आणि त्यांनी जीभ चावली.

"सर, धावणाऱ्या जनावराची नडगी मांडीपेक्षा लांब असते. हरणाची बघा. याची आखूड आहे. हात तर एवढेसे. हे एवढं धूड धावताना अडखळलं तर हात टेकून सावरणार कसं? तोंडावरच आपटणार. आणि त्यात हा पाय एकदा मोडलेला."

"मोडलेला नाही. ती चुनखडीची गाठ आहे. त्या मातीत तसल्या गाठी पोत्यानं मिळतात."

एवढं मात्र खरं होतं. त्या मातीत चुनखडीच्या गाठी मिळतात आणि हाडांनाही चिकटतात. म्हणूनच मी महिनाभर मागं लागले होते की गाठीचा नखाएवढा काप घेऊ आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघू. चुनखडी असेल तर चुनखडी दिसेल, हाड असेल तर हाड. वाद मिटेल.

"काप घेऊ द्या, सर. मी चुकले असेन तर प्रकरण फाडून टाकते."

"सेनापतीच्या हाडाला करवत लावायची? उद्घाटन तोंडावर आलेलं असताना?" सरांनी मान हलवली, जणू मी त्यांच्या घरातल्या देवावर पाय ठेवायला निघाले होते. "प्रकरण बदल. वेगवान शिकारी असं लिही, बाकी मी बघतो. नाहीतर प्रबंधावर माझी सही मिळणार नाही. फेलोशिप मार्चपर्यंतच आहे ना तुझी, बेटा?"

धमकीसुद्धा ते अशी द्यायचे, ख्यालीखुशाली विचारल्यासारखी.

पुढच्या आठवड्यात माझ्या चुलतबहिणीचं लग्न होतं, भंडाऱ्याला. दोन दिवस गेले. परत येऊन प्रयोगशाळेत पाऊल टाकलं तर टेबलावर नडगी ठेवलेली, आणि ती चकाकत होती. सरळ, गुळगुळीत. गाठ नाहीच!

मला वाटलं दुसरंच कुठलं हाड आहे. उलटून पाहिलं. माझ्या हातचा शाईतला क्रमांक होता त्यावर.

"आलीस? झालं लग्न?" सर मागून आले. हात रुमालाला पुसत होते. "बघ, कसं स्वच्छ करून दिलं. किती घाण चिकटली होती."

"गाठ कुठे आहे, सर?"

"काढली."

"सर स्वतः बसले छिन्नी घेऊन," कोरान्ने कौतुकानं म्हणाले. "या वयात! अख्खी दुपार लागली."

"आणि तुकडे?"

"चुनखडीचे तुकडे जपून ठेवायचे असतात का, बेटा? गेले कचऱ्यात."

मी हाड खिडकीपाशी नेलं. चुनखडीचं एक असतं, ती हाडावरून खपलीसारखी सुटते. चार टोले घातले की टवका उडतो आणि खालची मूळ कातडी, म्हणजे हाडाचा गुळगुळीत पृष्ठभाग, तसाच्या तसा उघडा पडतो. पहिल्या वर्षाच्या पोरीलाही हे हातांना कळतं. इथं तसं काहीच नव्हतं. जिथं गाठ होती तिथं नुसते छिन्नीचे ओरखडे, आडवेतिडवे, कानशीनं घासून वर पॉलिश फासलेले. गाठ सुटून आली नव्हती, कारण ती चिकटलेली नव्हतीच. ती हाडाचंच हाड होती. जे काढायला अख्खी दुपार लागते ते चुनखडी नाही, हे तीस वर्षं हाडं हाताळलेल्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत कळायला नको?

"सर, तुम्ही हाड तासलंत."

"शब्द जपून वापर."

"नखाएवढा काप घेऊ दिला नाहीत, आणि स्वतः छिन्नी घेऊन..."

"मी साफसफाई केली," सर म्हणाले. "आणि आता तुझ्या चौथ्या प्रकरणाला आधारच उरलेला नाही. तेव्हा ते तू बदलशील. आपोआपच."

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. दुःख कमी होतं, संताप जास्त. त्या जनावरानं मोडका पाय जुळवून घेतला, त्यावर उभं राहिलं, साडेसहा कोटी वर्षं ती गाठ मातीत सांभाळली, आणि एका सफारी सूटातल्या माणसानं ती एका दुपारी कचऱ्यात टाकली. का? तर पुतळा आधीच धावायला लागला होता म्हणून. मला सर तेव्हा मूर्ख वाटले. निव्वळ, ठार मूर्ख. हाडांच्या दुकानात बसलेला माणूस ज्याला हाड ओळखता येत नाही!

उद्घाटनाला चार दिवस उरले असताना परांची उतरवली, आणि दुसऱ्या सकाळी पटांगणात आरडाओरडा ऐकू आला. सेनापती पुढं कलला होता. त्याची ती घोड्याची नडगी, लांब केलेली आणि तासलेली, बरोब्बर मधोमध आडवी तडकली होती. सिमेंटमधून वाकलेल्या सळ्या दिसत होत्या. नत्थूजी लाकडी बल्ल्या लावून धड सावरत होते आणि तोंडानं सतत काहीतरी पुटपुटत होते.

"म्या म्हटलं होतं का नाई, ताई? दुसरा पाय टेकवू द्या म्हटलं होतं का नाई?"

"म्हटलं होतं, नत्थूजी."

"आता माह्यंच नाव खराब होते न!"

सर आले, पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्यांच्या तोंडाचं पाणी पळालेलं मला दिसलं. पालकमंत्र्यांच्या अंगावर सेनापती पडला तर काय, हा विचार त्यांच्या कपाळावर स्पष्ट दिसत होता. नवा पाय करायला वेळ नव्हता. मग नत्थूजींनी त्यांना सुचलं ते केलं. तडकलेल्या जागी भोवतीनं आखूड सळ्या बांधल्या, जाळी गुंडाळली आणि वरून सिमेंटचा दणकट थर थापला. वाळल्यावर तिथं भलामोठा फुगवटा दिसायला लागला. पायही तिथं जरासा वाकडाच राहिला. नत्थूजींनी एकेक बल्ली काढली, आणि सेनापती उभा राहिला.

उद्घाटनाच्या आदल्या सकाळी रंगाचे डबे उघडले गेले. सर आणि कोरान्ने पाहणीला आले. मीही होते, कारण प्रबंधावर अजून सही नव्हती आणि माणूस सहीसाठी कुठेही उभा राहतो. नत्थूजींना तो फुगवटा डोळ्यांना खुपत होता. कारागीर माणूस. त्यांनी कापायचं मशीन हातात घेतलं.

"साहेब, रंगाच्या आधी हे वंगाळ टेंगूळ घासून बरोबर करून टाकतो."

मशीन घरघरलं, आणि सर ओरडले. असे ओरडले की त्यांची छडी हातातून पडली.

"हात लावू नका! त्या गाठीवरच उभा आहे तो!"

"पण दिसते खराब, जी."

"दिसू दे! मोडल्या जागी गाठच भार घेते. ती काढली तर पाय गेला. एवढी साधी गोष्ट कळत नाही तुम्हाला?"

"अगदी बरोबर, सर," कोरान्ने म्हणाले. "गाठ काढणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा."

मला हसू फुटलं. गालातल्या गालात नाही हो, चांगलं खदखदून. आवरेचना. रंगवाले थांबले, नत्थूजी मशीन बंद करून माझ्याकडे बघायला लागले. "ताई, काय झालं वं?"

"काही नाही, नत्थूजी," मी डोळे पुसत म्हणाले. "सरांनी माझं चौथं प्रकरण सांगितलं. मला चार वर्षांत इतकं सोपं करून लिहिता आलं नव्हतं."

कोरान्ने यांना काही उमगलं नाही. सरांना उमगलं. त्यांनी पुतळ्याच्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं होतं, दचकतील, अरे बापरे असं काहीतरी होईल चेहऱ्याचं. तसं काहीच झालं नाही. चेहऱ्यावर नवल नव्हतं. फक्त मान लाल झाली होती. याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

"निघ इथून," ते म्हणाले. या खेपेला बेटा नव्हतं.

निघाले. सही गेली, फेलोशिप गेली, प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली. दुसऱ्या विद्यापीठात दुसरे मार्गदर्शक शोधले आणि एका शाळेत भूगोल शिकवत शिकवत प्रबंध पुन्हा सुरू केला. ती नडगी मात्र संग्रहालयात सरांच्या कुलपात. ते निवृत्त झाल्यावर नव्या प्रमुखांनी ती मला दिली, आणि एका रुग्णालयाच्या स्कॅनिंग मशीनमध्ये, माणसांच्या रांगेत, मी ती आडवी घातली. बाहेरची गाठ सरांनी काढली होती, आतलं त्यांना काढता आलं नव्हतं. पडद्यावर मोडलेली रेघ लख्ख दिसली. दोन टोकं एकमेकांवर सरकलेली, मध्ये भरून आलेलं हाड. माझं चौथं प्रकरण छापून आलं, जसंच्या तसं. पुढं मी त्याच विभागात नोकरीला लागले, आणि आता तिथली प्रमुख आहे.

गेल्या हिवाळ्यात संग्रहालयाचा वर्धापनदिन झाला. आयोजकांनी चिंतलवार सरांना बोलावलं. ऐंशी ओलांडलेले, पण सफारी तीच, छडी तीच. आणि मागं कोरान्ने, तेही निवृत्त, पण त्या एका नोकरीतून त्यांना निवृत्ती नसावी. पुतळ्यापाशी पत्रकार जमले होते. सेनापती अजून तसाच, जबडा फाकलेला, एका पायावर, नडगीवर तो भलामोठा फुगवटा. एका पत्रकार मुलीनं विचारलं, "सर, पायावर हे काय आहे?"

मी दहा पावलांवर उभी होते. सरांनी घसा खाकरला.

"हे आम्ही मुद्दाम दाखवलं आहे. या जनावराचा पाय जिवंतपणी मोडला होता आणि तो जुळून आला. मूळ हाडावर तशी गाठ होती. मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं."

"अगदी बरोबर, सर," कोरान्ने म्हणाले.

मुलगी भराभर लिहून घेत होती. मी मात्र जागच्या जागी थिजले. कारण इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, म्हातारा खरं बोलतोय. पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. म्हणून काप घेऊ दिला नाही, कारण कापात हाड दिसलं असतं. म्हणून अख्खी दुपार घासत बसले, स्वतःच्या हातांनी, तुकडासुद्धा मागं न ठेवता. म्हणून त्या दिवशी चेहऱ्यावर नवल नव्हतं. आणि मी वेडी, एवढी वर्षं त्यांना मूर्ख समजून सूट देत आले!

मी आत गेले, कपाट उघडलं आणि नडगी दोन्ही हातांत घेऊन बाहेर आले. जड आहे ती. पत्रकारांनी वाट करून दिली.

"सर," मी म्हणाले, "हे मूळ हाड. यावर दाखवा ना त्यांना गाठ."

सगळे कॅमेरे वळले. सरांनी छडी कोरान्ने यांच्याकडे दिली आणि हाड घेतलं. नाही म्हणायची सोय नव्हती. नजर माझ्यावर होती, हाडाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पण त्यांचा अंगठा न शोधता, न चाचपडता, बरोबर मधोमध गेला, छिन्नीच्या ओरखड्यांवर, आणि तिथंच थांबला.

"कुठे आहे, सर?" मुलीनं वाकून पाहत विचारलं. "इथं तर घासल्यासारखं दिसतंय. कोणी घासलं?"

 मुलीनं मग कोरान्ने यांच्याकडे पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा मिटून घेतलं.